आकडा छापता, मग अंदाज का नाही?

महोदय,

दर सोमवारी आपल्या अर्थपानावर ‘महागाईचे आकडे ठरवणार बाजाराची दिशा’ अशा धर्तीचा मजकूर असतो. कोणते आकडे येणार ते त्यात कळते. ते किती वाजता येणार, मागचा आकडा काय होता आणि बाजाराने या खेपेस किती धरला आहे, हे मात्र कळत नाही. गुंतवणूकदाराला खरा उपयोग या तीन रकान्यांचा आहे. सहा ओळींच्या तक्त्यात ते बसतात, तेव्हा जागेची अडचण नसावी.

बाजाराला हलवतो तो जाहीर आकडा आणि आधी धरलेला आकडा यांतला फरक. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी, शुक्रवारी, जुलै-सप्टेंबर तिमाहीची जीडीपी वाढ ८.२ टक्के जाहीर झाली. अंदाजांपेक्षा ती बरीच जास्त होती. सोमवारी निफ्टीने सकाळी नवा उच्चांक गाठला आणि दिवसअखेर किंचित घसरून बंद झाला. वाढ इतकी जोरात असेल तर रिझर्व्ह बँक व्याजदर कशाला उतरवेल, अशी शंका तेव्हा बोलून दाखवली जात होती. त्याच आठवड्यात शुक्रवारी, ५ डिसेंबरला, बँकेने रेपो दर (ज्या दराने ती बँकांना अल्प मुदतीचे कर्ज देते तो) पाव टक्क्याने कमी करून ५.२५ टक्के केला. सकाळच्या तेजीत घाईने घेणारे फसले, कपात हुकणार म्हणून विकणारेही फसले.

त्या ८.२ मध्ये आणखी एक खाच होती. ही वाढ महागाई वगळून काढलेली. चालू किमतींनुसार वाढ होती ८.७ टक्के, म्हणजे दोन्हींत जेमतेम अर्ध्या टक्क्याचे अंतर. कंपनीची विक्री, बँकेची कर्जे, सरकारचा कर हे सगळे चालू किमतींत मोजले जाते. नफावाढीचा अंदाज बांधायचा तर पाहायचा तो दुसरा आकडा, आणि तो मथळ्यात क्वचितच येतो.

वेळेचे महत्त्व आपल्याकडे फार कमी लेखले जाते. किरकोळ महागाईचा आकडा दर महिन्याच्या १२ तारखेला दुपारी ४ वाजता येतो. पूर्वी तो साडेपाचला येई, नोव्हेंबर २०२४ पासून वेळ बदलली. बाजार साडेतीनला बंद झालेला असतो, त्यामुळे परिणाम दिसतो दुसऱ्या दिवशी उघडतानाच. रात्री ‘मार्केट ऑर्डर’ टाकून झोपणाऱ्याला सकाळी जो भाव असेल तो मिळतो. अशा दिवशी लिमिट ऑर्डरच, म्हणजे आपण ठरवलेल्या भावाच्या मर्यादेतच व्यवहार होईल अशी, द्यावी, किंवा पहिली पंधरा-वीस मिनिटे हात आवरावा. औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक आता २८ तारखेला येतो, तोही ४ वाजता. रिझर्व्ह बँकेचे पतधोरण सकाळी १० ला, म्हणजे भर बाजारात. अमेरिकेचा महागाईचा आकडा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ६ ला आणि हिवाळ्यात ७ ला येतो, कारण तिकडे घड्याळे मार्च आणि नोव्हेंबरात तासभर सरकवतात. तिथल्या मध्यवर्ती बँकेचा, फेडरल रिझर्व्हचा, व्याजदराचा निर्णय रात्री साडेअकरा किंवा साडेबाराला.

येत्या महिन्यांत सर्वाधिक दिशाभूल होईल ती गेल्या वर्षीच्या पायामुळे. ऑक्टोबर २०२४ मध्ये किरकोळ महागाई ६.२१ टक्के होती, ऑक्टोबर २०२५ मध्ये ती ०.२५ टक्क्यावर आली. खाद्यपदार्थ स्वस्त झाले होते, जीएसटीचे दर २२ सप्टेंबरपासून उतरले होते, हे खरेच. पण तुलना आधीच्या चढ्या भावांशी होती, त्याचाही त्यात मोठा वाटा होता. आता उलटे गणित मांडून पाहा. ऑक्टोबर २०२४ चा निर्देशांक १०० धरला तर वर्षाने तो १००.२५ झाला. ऑक्टोबर २०२६ मध्ये तो १०४.२५ वर गेला, तर मथळा येईल ‘महागाई ४ टक्क्यांवर’. प्रत्यक्षात दोन वर्षांची सरासरी भाववाढ वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास असेल. महागाईची जुनी मालिका जाऊन २०२४ हे आधारवर्ष असलेली नवी आली आहे, पण पाया खाली असल्याचा परिणाम तिच्यातही राहणारच. उपाय सोपा: वार्षिक टक्क्याबरोबर मागच्या महिन्याशी तुलना करावी आणि दोन वर्षांची सरासरी काढावी.

जुन्या मालिकेत अन्न व पेयांचा भार ४५.८६ टक्के होता, नवीत तो कमी झाला आहे. तरी माळव्यातल्या वाचकाला इथे एक सोय आहेच. ऑक्टोबरचा आकडा १२ नोव्हेंबरला येईल, इंदूरच्या छावणी आणि लक्ष्मीबाई नगर मंडीतले सोयाबीनचे भाव त्याच्या कितीतरी आधी समोर असतात. फक्त आयातशुल्काकडे लक्ष हवे. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे एकूण शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के झाले, मे २०२५ अखेर ते १६.५ वर आले. तेल कंपन्यांचे शेअर घेणाऱ्याने मंडीइतकीच ही अधिसूचना वाचावी.

वाहनविक्रीतही सणांची मेख आहे. वाहन कारखान्यांचे पीथमपूर शेजारीच असल्याने या बातमीकडे इंदूरकरांचे लक्ष असतेच. १ तारखेला कंपन्या सांगतात ती बहुधा डीलरकडे रवाना केलेली वाहने. ग्राहकाच्या नावावर किती नोंदली गेली ते डीलरांची संघटना ‘फाडा’ काही दिवसांनी सांगते. पहिला आकडा वाढता आणि दुसरा थंड असेल तर माल गोदामात साचतो आहे असे समजावे. २०२५ ची दिवाळी ऑक्टोबरात होती, २०२६ ची ८ नोव्हेंबरला आहे. ऑक्टोबरचे नोंदणीचे आकडे फिके दिसले आणि नोव्हेंबरचे झळकले तर त्यात नवल नाही. दोन्ही महिन्यांची बेरीज करूनच तुलना करावी. जीएसटीचेही तसेच. एप्रिलमधला भरणा मार्चच्या विक्रीवरचा असतो, म्हणून तो विक्रमी येतो. एप्रिल २०२५ मध्ये तो २.३७ लाख कोटी होता. मे महिन्यात तो घटला म्हणजे मंदी आली, असे नव्हे. पीएमआयबद्दल, म्हणजे कंपन्यांच्या खरेदी व्यवस्थापकांच्या मासिक पाहणीतून निघणाऱ्या निर्देशांकाबद्दल, एवढेच: ५० च्या वर वाढ, पण ५८ वरून ५६ म्हणजे वाढीचा वेग मंदावला.

‘दरकपात झाली, बँकांचे शेअर घ्या’ हा सल्ला तर अर्धाच खरा. रेपोशी जोडलेली कर्जे तीन महिन्यांच्या आत स्वस्त करावी लागतात, मुदत ठेवींचे दर मात्र त्या मुदत संपल्यावरच बदलतात. म्हणून पहिल्या एक-दोन तिमाहींत बँकेचा व्याजातला नफा आक्रसतो. ठरलेल्या दराने कर्ज देणाऱ्या आणि स्वतः बँकांकडून उसने घेणाऱ्या वित्त कंपन्यांना लाभ आधी मिळतो. शिवाय दराइतकीच धोरणाची भूमिकाही वाचावी. ६ जून २०२५ ला रेपो एकदम अर्ध्या टक्क्याने उतरला, रोख राखीव प्रमाणही (ठेवींचा जो हिस्सा बँकांना रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो तो) एक टक्क्याने घटवल्याचे जाहीर झाले, पण भूमिका ‘तटस्थ’ झाली, म्हणजे पुढे दर उतरतीलच असे राहिले नाही. शेअर उसळले, दीर्घ मुदतीच्या रोख्यांचे व्याज मात्र पुढच्या आठवड्यांत चढले, म्हणजेच त्यांचे भाव उतरले. दर उतरले म्हणून लांब मुदतीच्या रोखे फंडात गेलेल्यांचा हिरमोड झाला.

दरमहा एसआयपी भरणाऱ्याने या आकड्यांवर काही करू नये. आकड्याच्या आदल्या दिवशी ऑप्शन (ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याचा हक्क) घेणाऱ्याला दुहेरी मार बसतो: अनिश्चितता असते तोवर त्याची किंमत, म्हणजे प्रीमियम, फुगलेला असतो, आकडा येताच तो ओसरतो, दिशा बरोबर असली तरी. बाजार नियामक सेबीच्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमधल्या ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्त्यांना तोटा झाला. इंदुरातून ‘उद्याच्या पॉलिसीवर खात्रीचा कॉल’ देणारे फोन देशभर जातात आणि इथल्या अशा सल्ला-कार्यालयांवर सेबीने वेळोवेळी कारवाई केली आहे. सल्लागाराचा नोंदणी क्रमांक ‘आयएनए’ने आणि संशोधन विश्लेषकाचा ‘आयएनएच’ने सुरू होतो, तो मागून सेबीच्या संकेतस्थळावर नावाशी पडताळून पाहावा. परताव्याची हमी देण्याची मुभा यांपैकी कोणालाच नाही.

— एक वाचक, टिळकनगर, इंदूर