डॉक्टरसाहेब, आई आता फोनवर भांडते

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सादर नमस्कार.

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि तुमच्या जिन्यावर आधीच पाय ठेवायला जागा नसते, त्यात माझ्या पत्राची भर नको. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. कोल्हापूर ते केवढं!

आई आता फोनवर भांडते. इचलकरंजीच्या मावशीशी परवा बराच वेळ जुंपली होती. कांदा-लसूण चटणीत तीळ किती घालायचे, यावरनं. घरात कुणालाही मध्ये पडावंसं वाटलं नाही. मधली काही वर्षं तिला ऐकू कमी यायचं. फोन वाजला की ती तो माझ्या हातात द्यायची आणि आत निघून जायची. भजनाला जाणं बंद केलं होतं. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की गुडघ्याचं कारण सांगायची. गुडघे ठणठणीत आहेत तिचे.

तुमच्याकडं येण्याआधी आम्ही हात बांधून बसलो होतो असं नाही. एका ठिकाणी सांगितलं, "वय झालंय, आता असंच चालायचं." सांगताना साहेबांची नजर मोबाईलवर. दुसरीकडं एसी होता, सोफा होता, टेबलावर कानाच्या मशीनची रंगीत पत्रकं पत्त्यांसारखी मांडलेली होती. कुठलं परवडेल, एवढंच विचारलं. उसाचं बिल नुकतंच जमा झालं होतं, ते तिथं मोकळं केलं. मशीन घरी आलं आणि शिट्ट्या मारायला लागलं. विचारायला गेलो तर "सवय होईल." आईनं ते डबीत घालून देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवून दिलं. या सगळ्या हेलपाट्यांत एकानंही तिच्या कानात बॅटरी मारून बघितलं नव्हतं. तुम्ही बघितलंत, आणि निम्मं दुखणं कानातला मळ होऊन तुमच्या ट्रेमध्ये आमच्यासमोर पडलं. बाकीचं निम्मं वयाचं आहे, हे तुम्ही लपवलं नाही. नवीन मशीन गळ्यात मारलं नाही. तेच जुनं, कानाच्या मापाचा साचा करून घेऊन नीट बसवून दिलंत. त्याचे आभार आहेतच. पण पत्र लिहायला बसलोय ते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

तुम्ही पंखा बंद केलात. मला आधी वाटलं, वीज वाचवताय. मग स्टूल ओढून टेबलाच्या अलीकडं आलात, खिडकीचा उजेड स्वतःच्या तोंडावर घेऊन बसलात, मास्क हनुवटीखाली ओढलात आणि आईला विचारलंत, "मावशी, काय त्रास होतोय?" ओरडला नाहीत. कमी ऐकू येणाऱ्या माणसापुढं सगळे ओरडतात, आणि ओरडलं की तोंड वेडंवाकडं होतं, ते तिला रागावल्यासारखं दिसतं. तुम्ही सावकाश बोललात, एकेक शब्द सुटा. मी सवयीनं सांगायला तोंड उघडलं, तर माझ्याकडं न बघता तुम्ही नुसता हात वर केलात. "त्यांना सांगू दे."

आई गप्पच. नंबर पुकारणारा पोरगा दारातनं डोकावून गेला, परत डोकावला. तुम्ही घड्याळ बघितलं नाही. आणि मग ती बोलायला लागली ती थांबेचना. कुकरची शिट्टी कळत नाही, भात लागतो. नातू काहीतरी सांगतो, आपण नुसतं हसतो. "लोकांस्नी वाटतंय, हिला काय कळत न्हाई." हे शेवटचं तिनं घरात कधीच सांगितलं नव्हतं.

इतर ठिकाणी प्रश्न मला विचारले जायचे. ह्यांना जेवण जातं का? ह्यांना किती दिवस झाले? आणि ती शेजारीच बसलेली असायची. निम्मं आयुष्य अंगणवाडीत दुसऱ्यांच्या पोरांना बोलायला शिकवलेली बाई.

हेही तुम्हीच काढून घेतलंत. काम काय करत होता, असं विचारलंत. "अंगणवाडीत होतो मी, गगनबावड्याकडं." तुम्ही म्हणालात, "म्हणजे पोलिओचे डोस पाजले असतील." झालं! पुढं ते तपासणीचं राहिलंच नाही. थंडीतला रविवार, खांद्याला निळी पेटी, पेटीत बर्फाचे पॅक. बीडकडनं ऊसतोडणीच्या टोळ्या आलेल्या. त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, आज या फडावर तर चार दिवसांनी दुसऱ्या गावात, त्यामुळं त्यांची पोरं कुठल्याच यादीत नाहीत. कोयता सुरू झाला की पोरं उसात कुठं पांगतील याचा नेम नाही, म्हणून आई उजाडायच्या आत फडावर जायची. शिशीवरचा पांढरा चौकोन काळा पडला नाही ना बघायचं, दोन थेंब पाजायचे, डाव्या करंगळीला शाई लावायची, दारावर खडूनं खूण करायची. कोपीला कुठलं आलंय दार? मग खूण बैलगाडीच्या फळीवर. मानधन काय होतं ते विचारू नका, तिनंही कधी नीट सांगितलेलं नाही.

तुम्ही त्या नंबरवाल्या पोराला आत बोलावून म्हणालात, "बघ रे, तुलाही मावशींनीच पाजला असेल." तो साळवणकडचा निघाला. म्हणजे शक्यता होतीच. आईनं लगेच त्याच्या आज्जीचं नाव विचारलं.

आणि मग तुम्ही ते सांगितलंत. "मावशी, हे दिल्लीत ज्यांनी आधी सुरू केलं ना, ते डॉक्टर आमच्यातलेच. कान-नाक-घशाचेच. पुढं केंद्रात मंत्री झाले. आता दवाखान्यात परत बसायचं म्हणून राजकारण सोडलं त्यांनी."

"बरं केलं," आई म्हणाली. "तितं कोण कुणाचं ऐकतंय?"

तुम्ही एवढे हसलात की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले.

घरी येऊन मी त्या डॉक्टरांबद्दल, म्हणजे डॉ. हर्षवर्धन यांच्याबद्दल, सवडीनं वाचलं. कानपूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले, पूर्व दिल्लीत कृष्णानगरला दवाखाना. १९९३ मध्ये तिथूनच आमदार झाले आणि दिल्लीचे आरोग्यमंत्री. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९९४ ला, दिल्लीत एकाच दिवशी लाखो लहान पोरांना डोस पाजला गेला. डोस आधीही होता. पण आईबापानं पोराला दवाखान्यात आणलं तर मिळायचा. एकाच वेळी सगळ्याच पोरांना पाजला की विषाणूला राहायला घरच उरत नाही, ही युक्ती परदेशात वापरून झालेली होती. ती आपल्या गल्लीबोळांत उतरवायला मात्र शाळा, शिक्षक, दुकानदार, सगळ्यांना कामाला जुंपावं लागलं. डिसेंबर १९९५ पासून ते देशभर सुरू झालं, आणि केव्हातरी ती निळी पेटी आमच्या आईच्या खांद्यावर आली.

सोपं काहीच नव्हतं. २००९ सालीसुद्धा देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. २०१० मध्ये ४२. २०११ मध्ये एक, हावड्याकडचा, जानेवारीतला. त्यानंतर मूळ विषाणूचा एकही नाही. २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेनं आपला सगळा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त झाल्याचा दाखला दिला. गंमत अशी की त्या दिवशी हर्षवर्धन मंत्री नव्हते. २०१३ ला दिल्लीत त्यांना मुख्यमंत्रिपदासाठी पुढं करून भाजपनं सगळ्यात जास्त जागा जिंकल्या होत्या, तरी त्यांचं सरकार काही बनलं नाही. मे २०१४ मध्ये ते चांदनी चौकातनं खासदार आणि केंद्रात आरोग्यमंत्री झाले. नोव्हेंबरात खातं बदललं. २०१९ ला पुन्हा आरोग्य.

आता सगळंच गोड गोड लिहायचं तर ते पत्र नव्हे, अभिनंदनाचा फलक झाला. मार्च २०२१ मध्ये याच मंत्र्यांनी कोरोनाची साथ शेवटाला आल्याचं सांगितलं होतं, आणि त्यापुढच्या दोन-तीन महिन्यांत काय झालं ते कोल्हापूरकराला सांगायला नको. जुलैत त्यांचं मंत्रिपद गेलं. मला काय वाटतं सांगू? १९९४ चा डॉक्टर नुकताच पेशंटच्या समोरनं उठून आलेला होता. २०२१ च्या मंत्र्यासमोर फायली होत्या आणि माइक होते. माणूस तोच, पण समोर कोण बसलंय यानं फरक पडतो. हे माझं मत, चुकीचं असेल तर सांगा.

तरी एका गोष्टीसाठी मी त्यांना मानतो. मार्च २०२४ मध्ये उमेदवारी दुसऱ्याला गेली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी राजकारण सोडल्याचं जाहीर केलं, कृष्णानगरचा दवाखाना वाट बघतोय म्हणाले. आमच्याकडं तिकीट कापलं की दुसऱ्या दिवशी माणूस गळ्यातला पट्टा बदलतो. तिसऱ्या दिवशी जुन्या पक्षाला शिव्या. परत जायला हक्काचं काम हातात असलं की माणसाला एवढं खाली वाकावं लागत नसावं. बिधानचंद्र रॉय तर बंगालचे मुख्यमंत्री असतानाही रोज सकाळी फुकट पेशंट तपासायचे. १ जुलैला डॉक्टर दिनाच्या शुभेच्छा मोबाईलवर पाठवणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की तो त्यांचाच दिवस? मलाही आत्ताच कळलं.

हे सगळं तुमच्या आभाराच्या पत्रात कशाला, असं म्हणाल. तर पोलिओ गेला तो मोठ्या पोस्टरमुळं नाही. जे पोर यादीत नाही, ते शोधून त्याच्यासमोर उकिडवं बसून दोन थेंब पाजल्यामुळं गेला. तेच आई फडावर करत होती, आणि तुम्ही स्टूल ओढून तेच केलंत. म्हातारी बाई दवाखान्यात आली की ती कुणाच्या यादीत नसते, यादीत तिचा मुलगा असतो. वीस मिनिटं एका मावशीला दिल्यानं तुमचा धंदा बुडाला नाही. बाहेर बसलेल्यांपैकी कुणी तक्रारही केली नाही, उलट एक आजोबा निघताना मला म्हणाले, "माझ्या वेळंलाबी असंच करतात." म्हणजे ते आमच्यासाठी खास नव्हतं. मला ते ऐकून जास्त बरं वाटलं.

आमच्या चौकात चहाच्या गाड्यावर इलेक्शनचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतंच, "असल्या डॉक्टरला उभं केलं पाहिजे." तुमचं नावही निघालंय, कानावर आलं असेलच. मी घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, मत तर देऊ, सगळ्या अंगणवाडीच्या बायका घेऊन येऊ. पण आधी डॉक्टरांना विचार, शेजारच्या सुमनकाकूंना कधी आणायचं. त्यांना दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, आणि त्यांचा मुलगाही फार बोलतो.

आपला,
एका अंगणवाडीच्या बाईंचा मुलगा
कोल्हापूर