विषय: हस्ताक्षरी कंडेन्स्ड फॉन्टमध्ये ‘वऱ्हाडी’ लिहिता येत नाही

नमस्कार,

मी सांगलीत डीटीपी करते, १८ वर्षं झाली, लग्नपत्रिकाच जास्त. मागच्या महिन्यात तुमचा हस्ताक्षरी कंडेन्स्ड, म्हणजे अरुंद अक्षरांचा, फॉन्ट दीड हजार देऊन घेतला तो फक्त ‘किलबिल’साठी. म्हणजे पत्रिकेत सगळ्यात खाली, आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं, ती ओळ. ती पोराने स्वतः लिहिल्यासारखीच दिसायला हवी, आणि नावं असतात दहा-बारा, जागा जेमतेम दोन ओळींची, म्हणून अंग चोरून बसणारं अक्षर लागतं.

सॅम्पलमधलं वळण खरंच गोड आहे, शिरोरेषा मध्येच तुटलेली, काने जरासे तिरके, म्हणून तर घेतला. पण टाईप करायला लागले तर काहीतरी खटकत होतं. शेवटी तुमचाच रेग्युलर, म्हणजे नेहमीच्या रुंदीचा फॉन्ट कोरल या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये आडवा ७० टक्के केला आणि कंडेन्स्डवर ठेवून बघितला, तंतोतंत बसला! म्हणजे वेगळं काही काढलेलंच नाही, नुसतं दाबलंय. असं दाबलं की काने बारीक होतात आणि शिरोरेषा तशीच जाड राहते, एका पेनने लिहिलेलं वाटतच नाही. ‘सर्वांना’मधला रफार आणि अनुस्वार मिळून एकच डाग दिसतो. हाताने अरुंद लिहिताना आपण काने जवळ घेतो, गोल भाग उभट करतो, अनुस्वार थोडा वर सरकवतो, ते एकेका अक्षराला बसूनच करावं लागतं आणि त्याचेच पैसे मी दिले होते.

त्याहून वाईट म्हणजे ‘वऱ्हाडी’. र चा पाय मोडलेला आणि ह शेजारी सुटा पडलेला. मुलीच्या वडिलांनी प्रूफवर त्याला पेन्सिलीने गोल करून परत पाठवलं, मला फार वाईट वाटलं, लग्नाच्या पत्रिकेत हाच शब्द चुकावा? ‘ॲड.’ लिहिलं की ॲ च्या जागी चौकोन, हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ पासून आहे हो. आणि ल, श हिंदी वळणाचे. आपल्याकडे पोरं पाकळीचा ल आणि देठाचा श गिरवतात, मग पोराचं अक्षर म्हणून हिंदी ल कसा चालेल? मराठी ल, श तुमच्या फॉन्टमध्ये आहेत पण एकेक शोधून टाकावे लागतात, ते आपोआप यायला हवेत.

त्या रात्री सगळी ओळ जुन्या फॉन्टमध्ये परत बसवली, दोन नावं तिसऱ्या ओळीत गेली, पार्टीने समजून घेतलं म्हणून निभावलं.

तर मला नीट काढलेला कंडेन्स्ड फॉन्ट द्या, ऱ्ह, ऱ्य, ॲ सगळं तपासून. जमणार नसेल तर दीड हजार परत करा. बिल आणि त्या प्रूफचा फोटो सोबत जोडलाय. तुळशीच्या लग्नानंतर आमचा सीझन सुरू होतो, त्याआधी कळवा.