एल्जिन गावातल्या घड्याळवाल्या काकांना

काका,
सा. न. वि. वि.

शेजारच्या आजींनी मला दिलेलं त्यांच्या वडिलांचं, एल्जिन या जुन्या अमेरिकन कंपनीचं मनगटी घड्याळ तुम्ही उघडून पाहिलंत, अख्खी दुपार दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. वडील पहिल्या महायुद्धात होते आणि घड्याळ तेव्हाचं, असं आजींच्या घरात सांगतात. एका दुकानदाराने मात्र बॅकवर, म्हणजे मागच्या झाकणावर, नजर टाकून ‘जोडलेला माल’ (वेगवेगळ्या घड्याळांचे भाग एकत्र केलेला) म्हणत ते परत सरकवलं होतं.

बॅकच्या आतला आकडा तुम्ही आधी बाजूला ठेवायला सांगितलात. तो केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, बनवणाऱ्याचा; एल्जिन कंपनीच्या मशीन-नंबरांच्या यादीत शोधला तर भलतंच साल हाती लागतं. मशीनवरचा नंबर खरा, आणि तो १९१८ च्या आसपासचा निघाला. केसवर मात्र नंतरच्या काळातला शिक्का: ‘बेस मेटल बेझल, स्टेनलेस स्टील बॅक’, म्हणजे काचेभोवतीची कड साध्या धातूची आणि झाकण स्टेनलेस स्टीलचं. तेव्हाच्या केसला पट्ट्यासाठी तारेच्या कड्या डाखलेल्या असत, इथे स्प्रिंगबार, म्हणजे काढता-घालता येणारी स्प्रिंगची काडी. मग भिंगातून तुम्ही केसची कड दाखवलीत. मशीन धरणाऱ्या स्क्रूच्या डोक्याचा एक व्रण, आणि जरा पलीकडे दुसरा, ज्याच्यावर कुठलाच स्क्रू येत नव्हता. म्हणजे या केसमध्ये आधी वेगळं मशीन बसलेलं होतं.

तरीही तुम्ही घड्याळाला खोटं म्हटलं नाहीत, याचं मला फार मोल वाटतं. त्या काळी एल्जिन, वॉल्थम या घड्याळ कंपन्या बहुतांशी नुसती मशीनं विकायच्या; केस वॉड्सवर्थ, कीस्टोन, फाहीज अशा केसवाल्यांच्या, आणि गिऱ्हाईक दुकानात पसंत करेल ती बसवली जायची. झिजली की बदलायची. (१९८० च्या जानेवारीत सोनं औंसाला ८५० डॉलरपर्यंत चढलं, तेव्हा तर चांगल्या मशीनवरच्या सोन्याच्या केसेस काढून वितळवल्या गेल्या.) मशीन युद्धाच्या काळातलं, केस बऱ्याच नंतरची, ते युद्धात कुणाच्या हातावर होतं हे घड्याळ सांगत नाही, असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. जुनी केस शोधून बसवू का, या प्रश्नाला तुम्ही ‘नको’ म्हणालात, आणि मला ते पटलं. तसं केलं असतं तर पुढच्या माणसाची फसवणूकच झाली असती.

दोन्ही काळ लिहिलेली चिठ्ठी आता डबीत ठेवली आहे, आजींच्या नातीलाही पाठवली. एक विनंती: केसवाल्यांच्या शिक्क्यांची तुमची वही मला टाइप करून द्यायची आहे. शनिवारी येऊ का?

आपली,
एल्जिनचीच एक शेजारीण