पोल्ट्रीच्या शेडवरच्या मजुरांना फ्लूची लस द्या

मा. संपादक,

बर्ड फ्लूची बातमी आली की लोक दोनच गोष्टी विचारतात: चिकन खायचे की नाही आणि अंड्यांचा भाव किती पडला. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. नीट शिजवलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही, खुशाल खा. पण शेडमध्ये राबणाऱ्या माणसाची चौकशी कोणीच करत नाही. मी पशुसंवर्धन खात्यातून पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. २००६ साली नवापूरला कोंबड्या नष्ट करणाऱ्या पथकात होतो, म्हणून हे पत्र.

देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या या नवापुरातच सापडला. मर आधीपासूनच लागली होती, पण सगळे तिला राणीखेत, म्हणजे कोंबड्यांचा नेहमीचा साथरोग, समजत होते. बर्ड फ्लू असल्याचे १८ फेब्रुवारीला जाहीर झाले. तोवर शेडमधले काम रोजच्यासारखेच चालू होते. पाड्यांवरून मजुरीला येणाऱ्या बाया मेलेल्या कोंबड्या उघड्या हातांनी, पायाला धरून बाहेर काढत होत्या. तुरा जांभळा पडलेला, डोके सुजलेले, चोचीतून चिकट पाणी गळणारे. त्याच हातांनी पुढे अंडी ट्रेमध्ये भरायची. विष्ठेची आणि पिसांची धूळ उडते, म्हणून तोंडावर फार तर पदर. नंतर आम्ही पोहोचलो ते डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात, गॉगल, मास्क, गमबूट घालून. वर टॅमिफ्लू या फ्लूवरच्या औषधाच्या गोळ्या. आमची काळजी घेतली गेली ते योग्यच झाले. पण त्या हवेत आमच्याही आधीपासून वावरत होत्या त्या बाया, आणि सगळ्यात कमी संरक्षण त्यांनाच होते.

त्या वेळी माणसात लागण आढळली नाही. तेवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. २०२१ मध्ये हरियाणातला अकरा वर्षांचा मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये एच५एन१ने, म्हणजे बर्ड फ्लूच्या विषाणूने, दगावला. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने गेले. अमेरिकेत २०२४ पासून तो दुभत्या गायींत शिरला आणि गोठ्यातल्या कामगारांचे डोळे आले. पक्ष्यांचा म्हणून ओळखला जाणारा हा विषाणू आता सस्तन प्राण्यांत बराच फिरतो आहे.

खरी भीती वेगळीच आहे. फ्लूच्या विषाणूची जनुके आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच माणसाला एकाच वेळी नेहमीचा फ्लू आणि पक्ष्यांचा फ्लू झाला, तर यार्डात दोन गाड्यांचे डबे उलटसुलट जोडले जावेत तसे हे तुकडे मिसळून तिसराच विषाणू तयार होऊ शकतो. त्याला पक्ष्याचे नवखे रूप असेल, म्हणून आपल्या शरीराला तो ओळखता येणार नाही, आणि माणसाकडून माणसाकडे पसरण्याची हातोटीही असेल. ही कल्पनेतली गोष्ट नव्हे. १९५७ आणि १९६८ च्या जागतिक साथींचे विषाणू माणसांच्या आणि पक्ष्यांच्या फ्लूच्या अशाच मिसळणीतून आले. २००९ च्या स्वाइन फ्लूचा विषाणू डुकरांत झालेल्या सरमिसळीतून आला, आणि त्याचा देशातला पहिला बळी ३ ऑगस्टला पुण्यात गेला, शाळेत जाणारी मुलगी.

म्हणून माझी मागणी एकच आहे. पोल्ट्रीच्या शेडमध्ये, कोंबडीच्या गाड्यांवर आणि चिकनच्या दुकानांत काम करणाऱ्या प्रत्येकाला दरवर्षी नेहमीच्या फ्लूची लस शासनाने मोफत द्यावी. ही लस बर्ड फ्लूपासून वाचवत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगावे. तिचा उपयोग असा की दोन विषाणू एका देहात भेटण्याचा संभव कमी होतो. फिनलंडने तर २०२४ मध्ये अशा कामगारांना थेट बर्ड फ्लूचीच लस दिली. आपल्याकडे गरोदर महिला आणि मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण यांना फ्लूची लस मोफत देण्याची सोय स्वाइन फ्लूनंतर झाली. त्या यादीत एक ओळ वाढवायची आहे.

वेळेचाही विचार व्हावा. इतरांसाठी पावसाळ्याआधीची लस बरोबर आहे, कारण महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात जोर धरतो. पण जानेवारी ते मार्चमध्येही त्याची लाट येते, आणि कोंबड्यांचा रोगही बहुधा याच दिवसांत येतो. नवापूरला २००६ लाही फेब्रुवारी होता आणि २०२१ लाही. शेडवाल्यांना लस दिवाळीच्या सुमारास मिळाली तर या महिन्यांत ती अंगात ताजी असेल. शिवाय ती शेडवर जाऊन द्यावी. रोजंदारीवरची बाई एक खाडा करून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रांगेत उभी राहणार नाही, आणि तिने राहावे अशी अपेक्षाही करू नये.

आणखी एक. नुकसानभरपाई पथकाने मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधी मेलेल्यांची नाही. मर लागलेला शेतकरी मग उरलेला माल घाईने बाजारात काढतो आणि रोग गाडीत बसून दुसऱ्या तालुक्यात पोहोचतो. मर दिसल्या दिवशी दवाखान्यात खबर देणाऱ्याला मेलेल्या पक्ष्यांचेही काही पैसे द्या, आणि ते लवकर द्या.

पशुसंवर्धन आणि आरोग्य ही दोन खाती दोन मंत्र्यांकडे असतात. लस आरोग्य खात्याकडे, शेडची यादी पशुसंवर्धनाकडे. दोघांनी येत्या दिवाळीपूर्वी नंदुरबार जिल्ह्यापासून सुरुवात करावी. गावोगावच्या शेड कुठे आहेत हे आमच्या खात्याच्या प्रत्येक पर्यवेक्षकाला तोंडपाठ असते.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
नवापूर, जि. नंदुरबार