रंगीत गोधडीची फळी दोन तासांत होत नाही

संपादक महोदय,

लाकडी फळीवर गोधडीची नक्षी रंगवण्याची, म्हणजे ‘बार्न क्विल्ट’ची हौस आपल्याकडेही दिसू लागली आहे, याचा आनंद आहे. पण एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डचा) तुकडा, पोस्टर कलर आणि दोन तासांचा छंदवर्ग एवढ्यावर ही कला शिकून होत नाही. अशी फळी नागपुरात बाहेर टांगली, तर पहिल्या पावसात कडा फुगतात आणि रंग ओघळतो. मग शिकणाऱ्याला वाटते, आपल्यालाच जमले नाही. म्हणून हे पत्र.

या कलेची सुरुवात अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅडम्स काउंटीत २००१ साली झाली. आई मॅक्सीन यांच्या गोधडीकामाचा मान म्हणून डोना सू ग्रोव्हज यांना कोठारावर एक नक्षी रंगवायची होती. गावकऱ्यांनी ती कल्पना उचलली आणि पाहत पाहत जावे अशी कोठारांची वाटच तयार झाली. तिथे पूर्ण गोधडी काढत नाहीत, तिचा एकच चौकोन काढतात, बहुतेक वेळा आठ फूट बाय आठ फुटांचा.

शिकण्यासाठी दोन फुटांची फळी पुरे. नागपूरच्या लकडगंजात प्लायवूड घेताना ‘आयएस ७१०’ हा मरीन, म्हणजे ओल सोसणाऱ्या प्लायचा शिक्का पाहून १२ मिमीचा घ्यावा. आठ बाय चारच्या एका शीटमधून आठ फळ्या निघतात. मात्र करवतीच्या पात्यात दोन-तीन मिमी जातात, म्हणून फळी २४ इंचांची आहे असे गृहीत धरू नये. प्रत्यक्ष मोजावी, दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले नाहीत तर फळी काटकोनात नाही आणि पुढची प्रत्येक रेघ तिरकी जाणार.

१२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून एक्स्टिरिअर प्रायमरचे दोन हात द्यावेत, मागच्या बाजूलाही. मागची बाजू कोरी ठेवली की एकाच अंगाने ओल शिरते आणि फळी वाकते. सर्वांत जास्त पाणी कडा पितात. तिथे लांबी (पुट्टी) भरून प्रायमरचा एक हात जास्त द्यावा.

मग सगळ्या फळीला नक्षीतला सर्वांत फिकट रंग द्यावा, साधारण दोन हात. तो पूर्ण वाळल्यावर आखणी. पहिली नक्षी ‘ओहायो स्टार’ घ्यावी. फळीचे नऊ समान चौकोन पाडायचे, दोन फुटांत प्रत्येक साधारण आठ इंचांचा. चार कोपरे तसेच राहतात, मधला चौकोन पूर्ण रंगवायचा. उरलेल्या चार चौकोनांत दोन्ही कर्ण आखले की प्रत्येकी चार त्रिकोण मिळतात. मधल्या चौकोनाच्या वरच्या व खालच्या घरांत डावा-उजवा त्रिकोण रंगवायचा, बाजूच्या दोन घरांत वरचा-खालचा. आठ टोकांची चांदणी तयार. आखायला एचबी पेन्सिल हलक्या हाताने वापरावी. स्केचपेनची रेघ रंगाच्या तीन हातांतूनही वर येते.

रंगवायच्या भागाभोवती रेघेला लागून टेप लावतात, म्हणजे कड सरळ येते. खरे कसब या टेपमध्ये आहे. नेहमीच्या मास्किंग टेपच्या कडेखाली रंग शिरतो आणि रेघ कुरतडल्यासारखी दिसते. यावर उपाय सोपा आहे, तरी बहुतेक वर्गांत तो सांगितलाच जात नाही. टेप नखाने घट्ट दाबावी आणि तिच्या कडेवर आधी खालचाच फिकट रंग पातळ फिरवावा. जे काही आत शिरायचे ते त्याच रंगाचे शिरते, दिसत नाही, आणि फट बुजते. तो वाळला की वरचा रंग, पातळ दोन-तीन हात. पिवळा आणि लाल कमी झाकतात, त्यांना एखादा हात जास्त लागतो. जाड एकच हात दिला तर टेप काढताना कड फाटते.

शेवटचा हात किंचित ओला असतानाच टेप मागे दुमडून सावकाश ओढावी. नागपूरच्या मे महिन्यात ती रात्रभर राहिली, तर गोंद फळीला धरून बसतो. समोरासमोरचे त्रिकोण टोकाला भिडतात, म्हणून दोन्हींवर एकदम टेप बसत नाही. एक वाळवून २४ तासांनी दुसरा घ्यावा. घाई केली की टेपबरोबर आधीचा रंगही निघून येतो. भर दुपारी रंग ब्रशवरच सुकतो, म्हणून काम सकाळी सावलीत करावे.

रंग एक्स्टिरिअर इमल्शनच, म्हणजे बाहेरच्या भिंतींना देतात तेच हवेत. गेरू आणि पिवळी माती यांच्या जातीचे रंग उन्हात टिकतात. चमकणारे फ्लोरोसंट लवकर उडतात. फळी भिंतीला चिकटवू नये. मागे इंचभराच्या पट्ट्या द्याव्यात, स्टेनलेस स्क्रू वापरावेत आणि भोकांच्या आत प्रायमर लावावा. साध्या खिळ्याचा गंज पांढऱ्या रंगावर उतरतो.

आणखी एक सुचवावेसे वाटते. ओहायोची चांदणी हात बसण्यासाठी ठीक आहे, पण पुढची नक्षी आपल्या वाकळीतून यावी. जुन्या लुगड्यांची चौकोनी ठिगळे, त्यांभोवतीचे काठ हे सगळे सरळ रेषांतच असते आणि टेपला सहज जुळते. वाकळ शिवणाऱ्या बायांना अशा वर्गात मानधन देऊन बोलवावे. रंगांची जोडणी त्यांच्याइतकी कुणी शिकवणार नाही. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या हस्तकला मेळ्यात हे सहज घडू शकेल.

वर्ग घेणाऱ्यांना विनंती एवढीच, की किमान तीन सकाळी ठेवाव्यात आणि फळी कोणत्या प्लायची आहे हे जाहिरातीतच छापावे.

– गोधडीकाम व फळीवरचे रंगकाम करणारे काही कारागीर, नागपूर