पाच खणांचं घर

बाई,
सा. न. वि. वि.

तुमचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे उघडं पत्र.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचा गणपती बोळवून गाव निजलं होतं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. किल्लारीच्या आसपास सगळीकडे दगड-मातीची माळवदं. उन्हाळ्यात गारवा देणारा छतावरचा तोच मातीचा थर अंगावर आला. आई गेली, धाकटा भाऊ गेला. मी नऊ वर्षांची होते.

पुढं पत्र्याच्या शेडात शाळा भरू लागली. पाहुणे यायचे, बिस्किटं वाटायचे आणि म्हणायचे, "भूकंपाचं चित्र काढा बघू." आम्ही काढायचो. पडलेल्या भिंती, आडवी माणसं. कुणाला काय हवंय ते पोरांना बरोबर कळतं. चित्रं ते घेऊन जायचे.

तुम्ही सोलापूरहून एसटीनं यायचात. पहिल्याच दिवशी विचारलंत, "तुमचं घर किती खणांचं होतं गं?" इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. पाच, म्हटलं. "मग मोजून काढ." मी खांब मोजले, तुळया टाकल्या. कोपऱ्यात उतरंड, भिंतीत देवळी, दाराशी कणगी. आई निजायची ती जागा आपसूक आली. छत मात्र मी पत्र्याचं केलं. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. मग एवढंच म्हणालात, "पत्र्याला पन्हळी असतात ना? त्या राहिल्या." मी पट्टी घेऊन एकेक रेघ मारली.

नंतर वही दिलीत. शुद्धलेखन तपासणार नाही, आणि मी वाचायचं की नाही ते तू ठरव, म्हणालात. चौथ्या दिवशी मी लिहिलं, की त्या रात्री भाऊ लाथा मारत होता म्हणून मीच त्याला आईच्या अंगाला ढकललं होतं. मग जे रडू फुटलं ते थांबेना. तुमची शेवटची गाडी गेली. रात्रभर तुम्ही शेडात माझ्या उशाशी बसलात.

फार उशिरा कुठंतरी वाचलं, की अमेरिकेतल्या जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञानं १९८६ साली असाच प्रयोग मांडला होता. विद्यार्थ्यांनी चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनातलं सगळ्यात अवघड लिहायचं. लिहून उठल्यावर ती मुलं आधीपेक्षा उदास व्हायची. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या खेपा इतरांपेक्षा कमी झाल्या. तुम्हाला हे ठाऊक होतं का, कोण जाणे. वह्या-रंग देणारे आम्हाला पुष्कळ भेटले, बाई. गाडी चुकवणाऱ्या तुम्ही एकट्याच.

सगळं बरं झालं असं लिहिलं तर खोटं होईल. अजून मी दाराजवळच झोपते. पण भावाचं नाव घेता येतं, त्याच्या लाथांची गोष्ट माझ्या मुलांना सांगता येते.

ती वही तुम्ही कधीच मागितली नाहीत. आता मी ठरवलंय. अनंत चतुर्दशीला मी गावाकडंच असते. या, वाचायला देईन.

तुमची,
पाच खणांच्या घरातली