काकांनी पंखा बंद केला

फ्रेमवाले काका,
सप्रेम नमस्कार.

पत्र असं चारचौघांत लिहितेय, कारण समोरासमोर तुम्ही आभार मानू देत नाही. त्या दिवशी मी नुसतं "थँक्यू हं" म्हटलं तर माशी हाकलावी तसा हात झटकलात आणि पुढच्या गिऱ्हाइकाची तसबीर काढायला आत गेलात. मला तुमचं नाव ठाऊक नाही, तुम्हाला माझं नाही. तुम्ही मला "शिवराईवाल्या ताई" म्हणालात, तेवढ्यावरून ओळख पटेल.

बाबांच्या त्रेसष्ट शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी. जिल्हा परिषदेत कारकून असताना दर शनिवारी हाफ डे सुटला की ते तांबटांकडे जायचे आणि मोडीच्या ढिगात हात घालून बसायचे. वितळायला निघालेली नाणी तांब्याच्या वजनाच्या भावानं घरी यायची. आई म्हणायची, या माणसानं घरात भांड्यांपेक्षा जास्त तांबं आणलं. शिवराई १६७४च्या राज्याभिषेकापासूनची, पण पाडली गेली पार पेशवाईतही, वेगवेगळ्या टाकसाळींत, त्यामुळे एका नाण्याचं अक्षर दुसऱ्याला जुळत नाही. कुठे 'शिव', कुठे 'सिव', कुठे 'सीव'. दुसऱ्या बाजूला 'छत्र' आणि 'पति' यांच्यामध्ये दोन रेघा आल्या की ती दुदांडी. बाबांनी त्या सगळ्यांची वही करायला घेतली होती. गेल्या वर्षी डोळ्यांच्या पडद्यानं दगा दिला. कडेचं दिसतं, नेमकं मधलं दिसत नाही. भिंग लावलं तरी नाण्याच्या जागी धुकं. मग मी म्हटलं, फोटो काढू, टीव्हीवर मोठे करून दाखवू. मोबाईल तर सगळ्यांकडेच असतो!

इथून पुढची दोन महिन्यांची कहाणी तुम्हाला सांगितली नव्हती, आता सांगते. आधी गेले एका एसी स्टुडिओत. नाण्यामागे ऐंशी रुपये. तिथल्या पोरानं डबा टेबलावर खळ्ळकन ओतला, जसे हरभरेच. फ्लॅश मारला, प्रत्येक नाण्याच्या मधोमध पांढरा डाग आणि भोवती काळं. वाचता काहीच येत नाही म्हटलं तर म्हणतो, "मॅडम, चिंच-मीठ लावून घासून आणा, मस्त चमकतील." काका, ज्यानं तीनशे वर्षांचा तो तपकिरी थर कधी पाहिला असेल, त्याला हे ऐकून काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. घासलं की थर जातो, आणि थराबरोबर अक्षराची धारही जाते. मी डबा उचलला आणि पैसे देऊन बाहेर पडले. पैसे दिले याचा राग अजून आहे.

मग एका जाणकारानं ऐकवलं, अगदी जवळून फोटो काढायची मॅक्रो लेन्स घ्या, नाहीतर वेळ घालवू नका. लेन्सची किंमत बघितली आणि गप्प बसले.

शेवटी व्हिडिओ बघून स्वतःच फोटो काढायचा खोका केला. मिक्सरच्या खोक्याला दोन्ही अंगांना खिडक्या कापल्या, त्यांवर बटर पेपर, बाहेरून दोन एलईडी बल्ब, आत पांढरा कार्डशीट मागून खाली वळवून आणलेला, दुमड न पडता, म्हणजे पाठीमागे रेघ दिसत नाही. सगळं सांगितल्याबरहुकूम. फोटो काय आला? मारी बिस्किट. स्वच्छ, गोल, सपाट, त्यावर अक्षर म्हणून नाही. शिवाय एक बल्ब बाथरूमचा पिवळा होता, तो माझ्या लक्षातच आला नाही, त्यामुळे अर्धं नाणं तांब्याचं आणि अर्धं निळसर.

तुमच्या दुकानात मी आले ती फक्त काळ्या माउंटबोर्डाचं, म्हणजे फ्रेमच्या जाड पुठ्ठ्याचं, कातरण मिळेल का विचारायला. खोका काखेत होता म्हणून तुम्ही विचारलंत, "हे काय केलंय?" मी सांगितलं. हसाल असं वाटलं होतं. तुम्ही काउंटरच्या काचेवरची धूळ पुसलीत, त्यावर पिवळं फडकं अंथरलंत आणि म्हणालात, "नाणं द्या बघू एक." आणि ते कडेनं धरलंत, दोन बोटांत, छापाला बोट न लावता. काका, मला तेव्हाच कळलं की आपलं काम होणार.

नाणं दारातल्या उजेडात तिरकं करत तुम्ही म्हणालात, "सगळीकडून उजेड दिलात तर अक्षराला सावली कुठून येणार? सावली नाही तर खोली नाही." आयुष्यभर काचेवरची चकाकी टाळत तसबिरी बसवलेल्या माणसाला ते नजरेनंच दिसत होतं. तुम्ही काळा पुठ्ठा घेऊन एक खिडकी झाकलीत, पिवळा बल्ब काढायला लावलात, पांढरा खाली आणून नाण्याला जवळजवळ आडवा केलात. मग भिंतीवरची ट्यूब बंद. दुकान अंधारलं, फक्त माझा खोका कंदिलासारखा पेटलेला.

तरी फोटो थोडासा फसतच होता. वर पंखा फिरत होता, खिडकीवरचा बटर पेपर त्यानं फडफडत होता, आणि कागद हलला की आतला उजेड हलत होता. तुम्ही एकदा वर पाहिलंत आणि पंखा बंद केलात.

मे महिना, दुपारचे तीन, वर पत्रा. दुकानात गणपतीची तसबीर न्यायला आलेले एक गृहस्थ थांबले होते, ते "अहो, उकडतंय" म्हणाले. तुम्ही नुसतं म्हणालात, "पाच मिनिटं, ताईंचं नाणं वाचायचंय." मग पाचाची वीस झाली. तुमच्या कपाळावरून घाम कानशिलावर आला, हनुवटीवर आला, आणि तो थेंब नाण्यावर पडू नये म्हणून तुम्ही मान वळवून सदऱ्याच्या बाहीला टिपलात, हातातला पुठ्ठा न हलवता. मी मोबाईलचा टायमर लावत होते, वाकलेली होते, पण ते मला दिसलं. उजेडाचं गणित मला आज ना उद्या कुठेतरी मिळालंही असतं. पण माझ्या बापाचं दीड तोळ्याचंही नसलेलं तांबं वाचता यावं म्हणून भर उन्हाळ्यात चालू धंद्यात कुणी स्वतःचा पंखा बंद करेल, हे मला कुठल्या व्हिडिओत मिळणार होतं?

त्यावर कळस म्हणजे हिशेब. मी पाचशेची नोट पुढे केली. तुम्ही म्हणालात, "नवा बटर पेपर लावला त्याचे आठ रुपये. बाकी कातरण आहे, फेकणारच होतो." फुकट म्हणाला असतात तर मला ओझं झालं असतं, पुन्हा यायला जीव धजला नसता. आठ रुपये घेतलेत आणि मला मोकळं केलंत. अशी माणसं मोठ्या पाटीखाली क्वचित सापडतात, बोळात जास्त असतात, असं माझं आपलं मत आहे. एसी स्टुडिओवाल्यानं ऐंशी घेऊन मला खजील केलं होतं, तुम्ही आठ घेऊन मान दिलात. आमची आजी अशा माणसाला "पोटचं पाणी गोड" म्हणायची. नेमका अर्थ तिला कधी विचारला नाही, पण बहुतेक तुम्हीच.

त्या रात्री बाबांना टीव्हीसमोर बसवलं. पडद्याएवढं नाणं. आधी ते मान तिरकी करून बघत राहिले, आता त्यांना असंच, कडेनं बघावं लागतं. मग उठून जवळ गेले, बोट काचेवरून फिरवलं. 'श्री', खाली 'राजा', त्याखाली… तिथे थांबले. परत बोट फिरवलं. आणि एकदम ओरडले, "अगं, हा 'सि' आहे!" तीस वर्षं वहीत त्यांनी ते 'शिव' म्हणून लिहून ठेवलं होतं, आईशी पैज लावून. आई असती तर तिनं आधी पैजेचा रुपया मागितला असता. मला वाटलं बाबा हिरमुसतील. त्यांनी वही मागवली, मला खोडायला लावलं आणि रात्री साडेअकरापर्यंत "पुढचं लाव, पुढचं लाव" चाललं होतं. सकाळी चहा घेताना विचारलं, "तो फ्रेमवाला कोण गं? त्याला दुदांडी दाखवलीस का?"

नाही दाखवली, काका, ती तेव्हा डब्यात तळाशी होती. खोका आता बाबांच्या पलंगाखाली आहे, तुम्ही लावलेला काळा पुठ्ठा तसाच. त्रेसष्टपैकी एक्केचाळीस झाल्या. येत्या शनिवारी दुपारी बाबांना घेऊन येते, ते दुदांडी स्वतः दाखवणार म्हणताहेत. बसायला एक स्टूल लागेल.

आणि या वेळी पंखा चालू ठेवा.

तुमची,
शिवराईवाली